नवीन टँक, तीन दुकानं आणि तीन तऱ्हेचे सल्ले. ऐकू कुणाचं?

मंगळवारपेठ_काउंटर, ७ जुलै

भाच्याची पुण्याला बदली झाली आणि जाताना तो आपला माशांचा टँक आमच्या माडीवर ठेवून गेला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आत मासे नाहीत, नुसती काच आणि एक जुना हवेचा पंप. बाथरूममध्ये खाली वर्तमानपत्र घालून दोन दिवस भरून ठेवला, कागद कोरडा राहिला, म्हणजे गळत नाही. इथपर्यंत सगळं माझ्या आवाक्यातलं होतं.

मी पतसंस्थेत काउंटरला बसतो. संध्याकाळी दहा रुपयांचा फरक आला तरी जागचं उठता येत नाही, सवयच तशी लागलीय. काल शनिवारी सासूबाई आणि सातवीतली लेक यांना घेऊन कोल्हापुरातली तीन दुकानं फिरलो, आणि तिथं जे ऐकलं त्याचा मेळ काही केल्या लागत नाही. दुकानांची नावं घेत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

पहिल्या दुकानात म्हणाले, आज रात्री पाणी भरा, निळ्या औषधाचे दहा थेंब टाका, मूठभर मीठ टाका, उद्या सकाळी मासे न्या. मासे कुठले, तर नऊ गोल्डफिश. आठ सोनेरी, एक काळा. वास्तूला तसंच लागतं. सासूबाईंनी हे कुठल्यातरी कीर्तनाच्या मध्यंतरात आधीच ऐकून ठेवलं होतं, त्यामुळं त्यांचं आणि दुकानदाराचं दोन मिनिटांत जमलं. वर काच चाटायला एक सकर. आणि दर रविवारी सगळं पाणी ओतून, खडे घासून, टँक लख्ख धुऊन पुन्हा भरायचा.

दुसरं दुकान एसीचं. तिथल्या पोरानं गोल्डफिशचं नाव काढल्यावर असं बघितलं की मी जणू त्याच्याकडं पोत्यानं शेंगा मागितल्या. नळाचं पाणी अजिबात चालणार नाही, पिण्याचे जार आणून भरा. ही बॅक्टेरियाची बाटली ओता, सात दिवस थांबा. डब्याचा फिल्टर बाहेर बसवा. माशांशिवायच अंदाज आला ८,४०० रुपये. मी 'विचार करून सांगतो' म्हणून पंख्याखाली न थांबता बाहेर पडलो.

तिसरे एक म्हातारे गृहस्थ, बोळातलं दुकान, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. ते म्हणाले, महिनाभर नुसतं पाणी फिरू दे. आणि एकदा मासे टाकले की पाणी कधीच बदलायचं नाही, उडून जाईल तेवढंच वरनं भरायचं. पाणी मुरलं पाहिजे, लोणच्यासारखं. त्यांनी आपल्या टँकमधलं जुनं पाणी दोन बाटल्या भरून फुकट दिलं. ते अजून ओट्याखाली आहे. गढूळ आहे आणि वास मारतंय.

म्हणजे एकाकडं एक दिवस, दुसऱ्याकडं सात, तिसऱ्याकडं तीस. पाणी एक दर आठवड्याला सगळं बदला म्हणतो, एक कधीच नको म्हणतो आणि एक नळाचं घेऊच नको म्हणतो. तिघंही वर्षानुवर्षं हाच धंदा करतात आणि तिघांच्याही दुकानात मासे मस्त फिरताना मी डोळ्यांनी बघितले. मग चुकतंय कोण?

घरची परिस्थितीही सांगून ठेवतो. नळाला दिवसाआड पाणी येतं आणि पावसाळा लागल्यापासून ब्लिचिंगचा वास येतोय. अंगणात बोअर आहे, त्या पाण्यानं बादल्यांना पांढरा थर धरतो. टँक ठेवायला आईच्या शिलाई मशीनचं टेबल आहे, बिडाच्या पायांचं. तळाला घालायला फरशीच्या कामातले उरलेले संगमरवराचे पांढरे तुकडे आहेत आणि लेकीनं गणपतीपुळ्याला वेचलेले शंख-शिंपले, एक पिशवीभर. तिनं टँकवर 'उद्घाटन १५ ऑगस्ट' असा कागद आत्ताच चिकटवलाय.

उद्यमनगर_फिटर, ७ जुलै

भावा, मासे राहू देत बाजूला, आधी ते मशीनचं टेबल बघ. २ × १ × १ फुटाच्या टँकात काठोकाठ ५६ लिटर पाणी बसतंय. म्हणजे ५६ किलो. खडे दहा किलो धर, काचच नऊ-दहा किलोची. पाऊण क्विंटल झालं. बिडाचे पाय ते सहज पेलतील, बीड दाबाला दाद देत नाही. पण वरची फळी मशीनसाठी मधोमध कापलेली असते आणि बिजागरीवर बसवलेली असते. ती मधे अर्ध्या सुताने जरी खाली बसली तरी तळाची काच ताणात येणार. आज फुटणार नाही. चार महिन्यांनी मध्यरात्री फुटेल.

एक इंची चौकोनी पाइपचा स्टँड वेल्डिंग करून घे, वर १८ एमएमचा प्लाय, त्यावर अर्ध्या इंचाचा थर्माकोल. थर्माकोल शोभेला नाही, खालचा एखादा बारीक खडा किंवा वेल्डिंगचा मणी काचेला टोचू नये म्हणून. माडी लाकडी असेल तर टँक भिंतीला लावूनच ठेव आणि स्टँडचे पाय दोन-तीन तुळयांवर येतील असं बघ, दोन तुळयांच्या मधल्या पाटणीवर नको. लेव्हल नसली तरी चालेल, तीन इंच पाणी भर आणि काचेच्या खालच्या कडेपासून पाण्याची रेघ चारी कोपऱ्यांत पट्टीनं मोज. फरक दिसला की पाणी काढ आणि पायाखाली पत्र्याची चकती सरकव. भरलेला टँक सरकवायचा नाही. अजिबात नाही. एकदा आमच्या वर्कशॉपमध्ये दोघांनी 'जरा इकडं' म्हणून ढकलला होता, सगळी फरशी मासे वेचत बसलो.

फायटर_फॅन, ७ जुलै

एवढं डोकं कशाला लावता? मी तीन वर्षं जारचं पाणी वापरतोय, काही झालं नाही. एक फायटर मासा घ्या आणि गप बसा.

जुना_फोटोवाला, ८ जुलै

तिन्ही दुकानदारांनी तुम्हाला अर्धं अर्धं खरं सांगितलंय. उरलेलं अर्धं मी माझे मासे मारून शिकलो, म्हणून जरा लांबड लावतो.

शाहूपुरीत माझा स्टुडिओ होता. १९८६ साली गिऱ्हाइकाला बसायच्या जागी शोभेला म्हणून टँक ठेवला. क्लोरीनची भीती नव्हती, कारण डार्करूममध्ये हायपोची बरणीच होती. फोटो पक्का करायला वापरतात तेच सोडियम थायोसल्फेट क्लोरीन मारायलाही चालतं. पाणी स्वच्छ, नितळ, चार एंजल मासे सोडले. सहाव्या दिवशी पहिला गेला, नवव्या दिवसापर्यंत टँक रिकामा. मला वाटलं, दुकानदारानं आजारी मासे दिले. पुन्हा चार आणले. तेही गेले. दुकानदाराचं मात्र चांगलं चाललं होतं.

झालं होतं असं. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून आणखी अमोनिया होतो. तो दिसत नाही आणि माशाचे कल्ले जाळतो. जुन्या टँकमध्ये एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा भाग निकामी करतं. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्याच प्रमाणात माशाला सोसतं. नव्या टँकमध्ये हे दोन्ही जिवाणू जवळजवळ नसतातच. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. तिन्ही दुकानांत मासे मजेत दिसले कारण त्यांच्या फिल्टरचे स्पंज वर्षानुवर्षांचे आहेत. मासा त्यांच्याकडून येतो, स्पंज येत नाही.

म्हणून म्हाताऱ्या दुकानदाराचा महिना खरा. पण नुसतं पाणी फिरवून काही होत नाही, त्या जिवाणूंना खायला अमोनिया लागतो. मासे नसलेल्या टँकात रोज चिमूटभर माशांचे दाणे टाका, कुजू द्या. किंवा थोडी सुकट पातळ फडक्यात बांधून आत सोडा. वास येईल, खिडकी उघडी ठेवा. आणि त्यांनी दिलेल्या त्या दोन बाटल्या मोरीत ओता. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजाला, खड्यांना, काचेला धरून राहतात. जुन्या पाण्यातून येतात ते नायट्रेट आणि रोग. आणायचा असेल तर ज्याचे मासे निरोगी आहेत अशा माणसाकडून जुन्या स्पंजाचा तुकडा आणा, ओला ठेवून तासाभरात घरी. बॅक्टेरियाची बाटली काही वेळा काम करते, पण ती दुकानात किती महिने उन्हात तापली हे लेबलवर लिहिलेलं नसतं.

'पाणी कधीच बदलू नका' हे मात्र ऐकू नका. नायट्रेट साचत जातं आणि पाण्यातला क्षार जिवाणूच संपवतात, मग पाणी हळूहळू आंबट होतं. जुने मासे त्याला सरावतात आणि नवीन आणलेला दोन दिवसांत मरतो. 'सगळं बदला' हे त्याहून वाईट. रविवारी खडे घासून नळाखाली धुतले की चार आठवडे पाळलेले जिवाणू क्लोरीननं गेले, सोमवारी टँक पुन्हा नवा. आठवड्याला पाव टँक, म्हणजे एक बारा लिटरची बादली. स्पंज चिकट झाला तर त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीच नाही.

निळं औषध नको. ते आजारी माशाला वेगळ्या भांड्यात द्यायचं औषध आहे. चांगल्या टँकात टाकलं तर जिवाणूंना मारक आणि काचांच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं. मिठात थोडं तथ्य आहे: नायट्राइट ज्या वाटेनं कल्ल्यांतून आत शिरतं त्याच वाटेनं मिठातलं क्लोराइडही जातं, गर्दी झाली की नायट्राइट कमी शिरतं. पण अमोनियावर त्याचा काही उपयोग नाही, आणि तुम्ही मासे न टाकता थांबणार असाल तर गरजच नाही.

जारचं पाणी बहुतेक आरओचं असतं, त्यात क्षार नावाला. फायटर_फॅन यांचा एकटा मासा चालला असेल, फायटर वरून हवा घेतो आणि कचराही कमी करतो. पण जिवाणूंना क्षार लागतो, तो नसला तर पाणी आंबट होऊन पीएच घसरतो आणि काम मधेच थांबतं. तुम्ही नळाचंच घ्या. वीस लिटरच्या बादलीला हायपोचे हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन-तीन खडे, ढवळा, झालं. दुकानात 'अँटी-क्लोर' म्हणून छोट्या बाटलीत तेच मिळतं. पावसाळ्यात ब्लिचिंग कमी-जास्त होतं, वास जोरात असेल त्या दिवशी एखादा खडा जास्त.

संगमरवर आणि शिंपले यांच्यावर लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर ते पाण्यात विरघळत राहणार, पाणी जड होणार, पीएच चढणार. पीएच ७ चा ८ झाला की तेवढ्याच अमोनियातला विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो. काळ्या दगडाची बारीक कच धुऊन घाला, आपल्याकडं तिला काय तोटा.

शेवटी एकच खर्च सांगतो आणि तो टाळू नका. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायचे थेंबांचे किट घ्या. हिशेबवाल्या माणसाला पासबुक मिळाल्यासारखं वाटेल.

मंगळवारपेठ_काउंटर, ८ जुलै

उद्यमनगरवाले, भावा नाही, ताई. कोल्हापूरच्या बायका 'मी गेलो, मी आलो' म्हणतात हे उद्यमनगरच्या माणसाला सांगायला लागतंय म्हणजे अवघड आहे.

टेबलाचं पटलं. फळी उचलून बघितली, मशीन बसवायची खाच बरोबर मधोमध आहे आणि एका बाजूला वाळवीनं नक्षी केलीय. त्यावर मी पाऊण क्विंटल ठेवणार होतो.

लिंबू आत्ताच पिळलं. स्टीलच्या ताटलीत एक संगमरवराचा तुकडा, एक शिंपला आणि कुंडीतला एक काळा खडा. काळ्यावर रस नुसता पसरला. शिंपल्यावर कडेकडेनं बारीक बुडबुड्यांची रांग उठली, सोड्याच्या पेल्यात कडेला दिसते तशी. संगमरवरावर आधी काहीच दिसेना, मग सुरीनं ओरखडा काढला आणि त्या ओरखड्यातनं फेस आला. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, आता ते तिखट-मीठ लावून खाणार काय?

अडचण सुकटीची. सासूबाई माळकरी, एकादशी तोंडावर. घरात सुकट आणली तर टँकआधी मीच बाहेर. चिमूटभर दाण्यांवरच चालवतो.

दिवसाआड_नळ, ९ जुलै

मी या धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. तुम्ही गेलात त्यातलं एक दुकान माझं असेल की नाही ते विचारू नका.

फोटोवाल्या काकांनी लिहिलंय त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. पण ताई, रविवारी सकाळी बाप पोराला घेऊन येतो. पोरानं काचेला नाक लावलेलं असतं. मी म्हटलं, आज टँक न्या आणि मासे न्यायला महिन्यानं या, तर तो बाप तासाभरात दुसऱ्या दुकानातून मासे घेऊन घरी पोचलेला असतो. हे मी दोन वर्षं करून बघितलंय. मग मी सुद्धा मीठ टाका, औषध टाका म्हणायला लागलो. त्यानं निदान 'काहीतरी केलं' असं वाटतं. माशात सुटतं किती? चेन्नईहून, कोलकात्याहून पिशव्या येतात, त्यात वाटेत मरतात ते आमच्या अंगावर. पैसा मिळतो फिल्टर, औषधं, दाणे यांवर. त्यामुळं एसीच्या दुकानातल्या पोरानं ८,४०० चा आकडा काढला त्यात मला नवल वाटलं नाही. तुमच्या दोन फुटी टँकला डब्याचा फिल्टर लागत नाही. भाच्याचा हवेचा पंप चालू असेल तर एक स्पंज फिल्टर बास, दोनशे-अडीचशे रुपये.

वास्तूचं गिऱ्हाईक रोज येतं, त्याच्याशी वाद घालून दुकान चालत नाही. पण गोल्डफिश खरंच देऊ नयेत. विकताना दोन इंचाचे असतात, नीट वाढले तर तळहाताएवढे होतात आणि खातात तेवढी घाण करतात. नऊ तर सोडाच, तुमच्या टँकात दोन सुद्धा दाटीचे. सकर तर फुटाच्या वर जातो. लोक मोठा झाला की तलावात नेऊन सोडतात, ते तर अजिबात करू नका. तो आपल्या पाण्यातला मासा नाही आणि एकदा रुजला की हटत नाही.

सासूबाईंसाठी तोडगा आहे. आठ केशरी प्लॅटी आणि एक काळी मोली. रंग तोच, संख्या तीच, मासे छोटे. आणि दोन्ही जातींना जरा जड पाणी मानवतं, तुमचं बोअरचं थोडं मिसळलं तरी चालेल. फक्त सगळे नर घ्या. पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो तो नर, पंख्यासारखा पसरलेला असतो ती मादी. नाहीतर दोन महिन्यांत नवाचे नव्वद होतील आणि वास्तूचा हिशेब पुन्हा चुकेल.

मंगळवारपेठ_काउंटर, २३ जुलै

हिशेब देतो. १२ तारखेला भरला. स्टँड उद्यमनगरातच करून घेतला, वेल्डरला 'पाय तुळईवर यायला हवेत' म्हटल्यावर त्यानं ताई कुठं काम करता म्हणून विचारलं. कच पाच पाण्यानं धुतली तरी पाणी चहासारखं येत होतं, सात पाण्यांनी नितळलं. पाण्याची रेघ उजव्या कोपऱ्यात दोन सूत खाली निघाली, चकती सरकवली.

अमोनिया १५ ला लिटरमागं अर्धा मिलिग्रॅम, १८ ला दोन, कालपर्यंत दोनवरच. नायट्राइट शून्य. नळीतलं पिवळं हिरवं झालं तेव्हा लेक टाळ्या वाजवत होती आणि मी तिला सांगत होतो की हे विष आहे. ट्यूबलाइटखाली रंग ओळखता येत नाही, दोन आणि चार सारखेच दिसतात, खिडकीत दिवसाच्या उजेडात कार्डावर धरून बघावं लागतं.

आता वेगळी काळजी. पंचगंगा काल राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेली. पाऊस थांबत नाही. ४३ च्या धोका पातळीवर गेली की काय होतं ते २०१९ च्या पुरात बघितलंय. लाइट गेली तर या जिवाणूंचं काय? आणि नळ बंद पडले तर?

जुना_फोटोवाला, २३ जुलै

नळ बंद पडले तरी तुम्हाला आत्ता पाणी बदलायचंच नाही, मासे नाहीत म्हणून. तुमच्या लेकीचा कागद थोडा उशिराचा आहे हे या दिवसांत बरंच. २०१९ ला उपसा केंद्रं पाण्याखाली गेली तेव्हा आम्ही टँकरच्या रांगेत उभे होतो, आणि पिण्याचं पाणी माशांना घालायचं की माणसांना यावर घरात भांडण झालं. तेव्हापासून पावसाळ्यात एक पिंप भरून झाकून ठेवतो.

लाइट गेली तर पंप बंद, स्पंजात पाणी फिरत नाही, आतले जिवाणू प्राणवायूवाचून मरतात. पण तुमचा स्पंज उघड्या पाण्यात आहे, बंद डब्यात नाही, त्यामुळं काही तास सहज निघतात. दर तासा-दोन तासांनी मगभर पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता. सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, एक आणून ठेवा. लाइट नसताना दाणे टाकू नका.

उद्यमनगर_फिटर, २४ जुलै

ताई, चुकलं, भावा म्हटलो. आणखी एक. पंप टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतनं उलटं पंपात येतंय आणि तिथनं जमिनीवर. वर ठेवायला जमत नसेल तर नळीत वन-वे व्हॉल्व्ह घाला, दहा-वीस रुपयांचा असतो. वायर टँकपाशी आणताना खाली एक झोल ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी झोलापाशी टपकेल, बोर्डात जाणार नाही.

मंगळवारपेठ_काउंटर, १६ ऑगस्ट

उद्घाटन झालं नाही. ३ तारखेला नायट्राइट दिसायला लागलं, ८ ला नळीतलं पाणी गडद जांभळं. अमोनिया ११ ला शून्य. काल १५ ऑगस्टला शाळेतून लेक झेंडा घेऊन थेट माडीवर आली, आम्ही नळी भरली, पाच मिनिटं थांबलो. जांभळं. आधीपेक्षा फिकं, पण जांभळंच. ती रुसून खाली गेली. सासूबाई म्हणाल्या, एवढे दिवस तर बाळंतिणीला सुद्धा कोंडत नाहीत.

मधे दोन रात्री लाइट नव्हती, सेलचा पंप चालवला. पाणी घराजवळ आलं नाही.

मंगळवारपेठ_काउंटर, २१ ऑगस्ट

१९ तारखेला सकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट चाळीसच्या आसपास. फरक शून्य. तरी खात्रीसाठी त्या रात्री दाणे दुप्पट टाकले आणि काल सकाळी पुन्हा मोजलं, पुन्हा शून्य. मग निम्मं पाणी बदललं, हायपो घालून.

मासे आणायला बोळातल्या म्हाताऱ्यांकडंच गेलो. आकडे सांगितले. ते हसले, म्हणाले, मी पण महिनाच सांगितला होता की. बाटल्या ओतून दिल्या हे सांगितलं नाही. सगळे एकदम नकोत म्हणून तीन केशरी प्लॅटी आणि एक काळी मोली, चारही नर, पोटाखालचा पर मी स्वतः टॉर्च मारून बघितला. पिशवी अर्धा तास टँकात तरंगत ठेवली, मग दर दहा मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी आत, आणि शेवटी मासे जाळीनं उचलून सोडले. पिशवीतलं पाणी मोरीत.

मोली लगेच कोपऱ्यातल्या खड्यामागं जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. सासूबाई तासभर समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. तीन सोनेरी झाले, पाच राहिले, एवढंच बोलल्या.

आता एक शंका. पुढच्या काचेवर आतून तपकिरी पावडर धरतेय, बोटानं पुसली की निघते. हे काय? सकर आणू काय मग?

जुना_फोटोवाला, २१ ऑगस्ट

नको. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, नव्या टँकात बहुतेक सगळ्यांना येतं, महिन्या-दोन महिन्यांत आपोआप कमी होतं. साबण न लागलेला नवा भांड्यांचा स्पंज घ्या, हिरवी खरखरीत बाजू नको, मऊ बाजूनं आठवड्याला पुसा. उरलेले पाच मासे दोन आठवड्यांनी, दोन आणि मग तीन असे. मधे रोज मोजा, चार माशांवर बसलेले जिवाणू नवांना लगेच पुरत नाहीत.

आणि सासूबाईंना दाणे द्यायला बसवू नका. मोली त्यांना बघून वर येईल, त्या टाकत राहतील.